मंडळी सुरू करायचीही पदवी असते का?

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. शाळा चांगल्या गुणांनी संपवली. गेली दोन वर्षं तरुण संघाचं काम बघतो. आता म्हणतो, बायबल कॉलेजात ‘चर्च प्लांटिंग’ हा विषय घेऊन चार वर्षांची पदवी करायची आणि मग जिथे मंडळी (म्हणजे चर्च, विश्वासणाऱ्यांचा समुदाय) नाही तिथे जाऊन नवीन मंडळी सुरू करायची. पाळक व्हायचं म्हणाला असता तर मी समजू शकले असते. पण नवीन मंडळी कशाला? मंडळ्या काय कमी आहेत? याचे बाबा म्हणतात, आधी पोटोबा. आमचे पाळकसाहेब म्हणतात, पाचारण (देवाचं बोलावणं) असेल तर कॉलेज कशाला हवं, पेत्र कुठे शिकला होता? मी दोघांच्या मधे अडकले आहे. अशी पदवी खरंच असते का? तिचा पुढे काही उपयोग होतो का? त्याला अडवू की जाऊ देऊ? – एक आई

ताई, जय ख्रिस्त.

पाळकसाहेबांपासून सुरुवात करतो. ‘पेत्र कुठे शिकला होता’ हा प्रश्न बहुतेक वेळा चर्चा संपवायलाच विचारला जातो. पेत्र तीनेक वर्षं प्रभूच्या मागे चालला. नको ते प्रश्न विचारले, वेळोवेळी बोलणी खाल्ली, दोघादोघांच्या जोड्या करून पाठवलं तेव्हा गेला आणि परत येऊन काय काय झालं ते सांगितलं. याहून कडक अभ्यासक्रम मला तरी माहीत नाही. पौल तर गमलियेल या नावाजलेल्या यहुदी गुरूच्या पायाशी बसून शिकलेला. तेव्हा पाचारण आणि शिक्षण यांची झुंज लावण्यात अर्थ नाही. नामांकित इंग्रज उपदेशक स्पर्जन १८५४ साली लंडनच्या मंडळीचे पाळक झाले तेव्हा तुमच्या मुलाएवढेच, १९ वर्षांचे होते, आणि कॉलेजात कधी गेले नव्हते. पण दोनच वर्षांनी, १८५६ मध्ये, त्यांनी स्वतः पाळकांसाठी कॉलेज सुरू केलं. त्या कॉलेजातल्या मुलांनी लंडन आणि आसपास बऱ्याच नव्या मंडळ्या उभ्या केल्या. प्रवेशाची अट मात्र बघण्यासारखी होती: आधीपासून उपदेश करत असलेल्यालाच घ्यायचं. कॉलेज उपदेशक घडवत नाही, घडू लागलेल्याला धार लावतं, असा त्यांचा हिशेब होता.

हो, अशी पदवी असते. बायबल कॉलेज हा प्रकारच मुळात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला. अमेरिकी सुवार्तिक मूडी यांची शिकागोतली संस्था १८८६ ची. लांबलचक सेमिनरी (पाळक घडवणारं उच्च धर्मशिक्षण) करणं ज्यांना शक्य नाही अशा साध्या विश्वासणाऱ्यांना बायबल आणि सेवा शिकवावी, हा त्यामागचा विचार. ‘मंडळी का वाढते आणि का खुंटते’ हा रीतसर अभ्यासाचा विषय व्हायला मात्र विसावं शतक अर्धं उलटावं लागलं. आजच्या मध्य प्रदेशातल्या दमोहला १८९७ मध्ये जन्मलेले मिशनरी डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांनी १९६१ मध्ये ओरेगनमध्ये त्यासाठी एक छोटी संस्था काढली आणि १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीत तो विभाग सुरू झाला. पुढे तो विषय वरच्या वर्गांतून खाली पदवीपर्यंत उतरला.

अशा पदवीत साधारण अर्धा भाग इतर कोणत्याही बायबल कॉलेजसारखाच असतो: जुना करार, नवा करार, अर्थ लावण्याचं शास्त्र, सिद्धांत, मंडळीचा इतिहास, उपदेश. उरलेल्या भागात सुवार्ताकार्य, शिष्यत्व, परक्या संस्कृतीत काम, वस्तीची पाहणी, पुढारी घडवणं, पैशाचा कारभार आणि कुठल्यातरी मंडळीत प्रत्यक्ष उमेदवारी. कागदावर सगळ्यांचा अभ्यासक्रम छानच दिसतो. त्यावरून निवड करू नका.

मंडळ्या काय कमी आहेत, हा तुमचा प्रश्न मला पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न वाटला. मुलाला तो रागाने नाही, खरोखर उत्तर हवंय म्हणून विचारा. त्याच्याकडे उत्तर असलं पाहिजे. चांगली उत्तरं आहेतही. माणसं स्थलांतर करतात, नव्या वस्त्या होतात आणि जुनी मंडळी जुन्या जागीच राहते. एखाद्या भाषेच्या लोकांना आपल्या भाषेत उपासनाच नसते. कुठे पन्नास वर्षांच्या सवयींनी दार इतकं जड होतं की बाहेरच्याला ते ढकलवत नाही. दुसऱ्याने घातलेल्या पायावर बांधायचं नाही, जिथे ख्रिस्ताचं नाव ऐकलेलं नाही तिथे जायचं, असं पौल रोमकरांस लिहितो. ते कारण आजही खरं आहे. वाईट उत्तरंही आहेत, आणि ती जास्त प्रचलित आहेत! मंडळीच्या पुढाऱ्यांशी पटलं नाही, पाळकाने माइक दिला नाही, संघाच्या निवडणुकीत पडलो, म्हणून चार घरं घेऊन वेगळी चूल. पाटी नवी, भांडण जुनं. तुमच्या मुलाच्या मनात आत्ताच्या मंडळीविषयी कडवटपणा आहे का, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? असेल तर पदवीचा विचार बाजूला ठेवा आणि आधी ते मिटवा. चार वर्षं शिकून तो तोच कडवटपणा अधिक चांगल्या शब्दांत मांडायला लागेल.

आता मला जे खरं सांगायचंय ते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १३ काढून वाचा. पौल आणि बर्णबा स्वतःहून उठून निघालेले नाहीत. अंत्युखियाची मंडळी उपास करते, प्रार्थना करते, त्यांच्यावर हात ठेवते आणि त्यांना पाठवते. पुढच्या अध्यायाच्या शेवटी ते परत येतात आणि मंडळीला जमवून सगळा वृत्तान्त सांगतात. नवीन मंडळी ही मंडळीच्या पोटी येते. कॉलेज फार तर दाई. तेव्हा खरा प्रश्न ‘कोणतं कॉलेज’ हा नाही; ‘याला पाठवणार कोण’ हा आहे. जाताना कोण हात ठेवणार, कोण दर महिन्याला फोन करून ‘झोपतोस का, प्रार्थना करतोस का, पैसे पुरतात का’ विचारणार, आणि काम मोडलं तर कोण परत घरी घेणार? याचं उत्तर नसताना पदवी घेतलेली मुलं मी पाहिली आहेत. हुशार असतात. पाचव्या वर्षी त्यांच्याकडे फक्त लेटरहेड उरतं.

म्हणून पाळकसाहेबांना वादात हरवू नका, कामाला लावा. त्यांनी मुलाला वडीलमंडळापुढे, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपुढे, बसवावं. तरुण संघ चालवणं वेगळं. तिथे तरुण आपोआप येतात, हॉल मंडळीचा, वीजबिल मंडळीचं. त्यांनी त्याला वर्षभर एक असं काम द्यावं ज्यात कौतुक नाही: आजाऱ्यांच्या घरभेटी, नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या दोघांबरोबर दर आठवड्याला मार्काचं शुभवर्तमान वाचणं, किंवा दानाची मोजणी. मोजणी कशाला, म्हणाल. उपासना संपते, लोक बोलत उभे असतात, आणि आत एका टेबलावर दोन माणसं, एका घरातली नसलेली, पिशवी उलटी करतात. नोटा वेगळ्या, नाणी वेगळी, पाकिटावर नाव असलेलं दान वेगळं. एक मोजतो, दुसरा पुन्हा मोजतो, वहीत आकडा, दोघांच्या सह्या, दुसऱ्या दिवशी बँकेत. वीस मिनिटांचं कंटाळवाणं काम. नव्या मंडळीत हेच काम पहिल्याच रविवारी एकटा पाळक करतो, कारण दुसरं कुणी नसतं, आणि पुढे कधीतरी संशयाला तिथूनच वाट मिळते. उपदेश साधारण असलेल्या मंडळ्या तगतात. हिशेब साधारण असलेल्या फुटतात.

हे सगळं करून त्याचा उत्साह टिकला, तर कॉलेज बघायला जा. बरोबर तुम्हीही जा. चार वर्षांची फी भरणाऱ्याला प्रश्न विचारायचा हक्क असतो. मला विचाराल तर पहिला प्रश्न हा: दुसऱ्या वर्षाची मुलं रविवारी सकाळी कुठे असतात? ‘चॅपलमध्ये’ असं उत्तर आलं तर सावध व्हा. ‘अमुक मुलगा अमुक नव्या मंडळीत, अमुक पाळकाच्या हाताखाली, दोन वर्षं त्याच ठिकाणी’ असं नेमकं उत्तर आलं तर बसा आणि पुढचं ऐका. दर सहा महिन्यांनी जागा बदलणारी उमेदवारी म्हणजे सहल. लोकांची नावं पाठ होईपर्यंत निघायची वेळ येते. मग विचारा की शिकवणाऱ्यांपैकी कुणी स्वतः मंडळी उभी केली आहे, आणि कुणाची बंद पडली आहे. बंद पडलेली सांगणारा प्राध्यापक सापडला तर मुलाला त्याच्याच वर्गात बसवा. दहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मुलं आज काय करतात, हेही विचारा. सेवा सोडलेल्यांसकट. माहितीपत्रकात फक्त यशस्वी चेहरे असतात.

मान्यतेचं नीट बघा. ईश्वरविज्ञान शिकवणाऱ्या संस्थांच्या संघटनेची मान्यता एक आणि सरकारमान्य विद्यापीठाची पदवी दुसरी. पहिली असली म्हणजे पुढे सेमिनरीत शिकता येईल. पण उद्या त्याला शिक्षक व्हायचं झालं किंवा दुसऱ्या विषयात पदव्युत्तर करायचं झालं तर दुसरी लागते. दोन्ही आहेत का, हे लेखी घ्या.

एक अवघड विषय मुद्दाम काढायला सांगतो. मॅकगॅव्हरन यांचं निरीक्षण असं होतं की जात, भाषा, वर्ग यांच्या भिंती न ओलांडता ख्रिस्ताकडे येता आलं तर लोकांना ते सोपं जातं, म्हणून एकसारख्या लोकांची मंडळी लवकर वाढते. यावर गेली पन्नास-साठ वर्षं वाद चालू आहे, आणि तो मिटू नये असंच मला वाटतं. निरीक्षण म्हणून ते खोटं नाही. पण त्याचं धोरण केलं की भिंती मंडळीत शिरतात, आणि भिंत पाडण्यासाठी ख्रिस्त आला असं इफिसकरांस पत्रात लिहिलेलं वाचून आपण त्याच भिंतीला टेकून बसतो. तुमचा मुलगा ज्या कॉलेजात जाईल तिथे हा वाद दोन्ही बाजूंनी शिकवला जातो का, की फक्त ‘लवकर वाढते’ एवढंच? कोणत्या वेगाने वाढायचं यापेक्षा कोण एकत्र जेवणार हे आधी ठरवणारा विद्यार्थी मला जास्त भरवशाचा वाटतो.

तसंच उपासनेचं. मंडळीला काय लागतंच आणि काय केवळ सवयीचं आहे, हे वेगळं करता यायला हवं. वचन, प्रार्थना, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, एकमेकांची काळजी, हे लागतंच. बाक, पियानो, झगा, प्रोजेक्टर या सवयी. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला तो याच तळमळीने: बाप्तिस्मा घेतलेल्यांनी आणि न घेतलेल्यांनीही येशूभोवती आपल्या पद्धतीने जमावं. १९१९ मध्ये ते गेले, आणि त्यांच्यामागे दरबार फार तगला नाही. भजनं मात्र मंडळ्या आजही गातात. मुलाने यातून दोन्ही गोष्टी उचलाव्यात. लोकांच्या जिभेवर बसेल अशी उपासना, ही एक. आणि एका माणसाच्या खांद्यावर उभं केलेलं काम त्या माणसाबरोबर जातं, ही दुसरी.

आता बाबांचा पोटोबा. ते बरोबर आहेत, आणि पौल त्यांच्या बाजूला आहे. करिंथात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू करत होता. थेस्सलनीकाकरांना लिहितो की तुमच्यावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस राबलो. सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर जगावं हेही त्यानेच लिहिलंय, आणि फिलिप्पैची मंडळी त्याला मदत पाठवत होती. म्हणजे दोन्ही वाटा खुल्या. फक्त नव्या मंडळीचं गणित डोळ्यांपुढे ठेवा. समजा पहिल्या दोन वर्षांत पंधरा मोठी माणसं नियमित येऊ लागली. त्यातली चार शिकणारी, दोन निवृत्त, तिघांना नोकरी नाही. उरलेल्या सहांचा दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) म्हणजे सगळे मिळून एका पगाराच्या अर्ध्याहून थोडा जास्त. त्यातून जागेचं भाडं जायचं. उरलेल्यात माणूस कसाबसा जगेल, पण शैक्षणिक कर्जाचा हप्ता? तो नाही निघणार. पदवीसाठी मोठं कर्ज काढायचं असेल तर माझं उत्तर नाही असंच आहे, मग कॉलेज कितीही चांगलं असो. हप्त्यापायी माणूस श्रीमंत देणगीदाराला दुखवायला घाबरतो, आणि तिथून उपदेश पातळ होत जातो.

त्याने बरोबरीने हाताला एक धंदा लावून घ्यावा. लेखापाल, शिक्षक, परिचारक, वायरमन, काहीही चालेल. काही कॉलेजांत बायबलबरोबर दुसरा विषय घेऊन पदवी करता येते. मिळाली तर तीच घ्या. यात काही कमीपणा नाही. जोडे शिवून पोट भरलेल्या विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याने आणि त्याच्या सोबत्यांनी १८१८ मध्ये बंगालमधल्या सेरामपूरला कॉलेज काढलं, तेव्हा ख्रिस्ती आणि इतर तरुणांना पौर्वात्य साहित्य आणि युरोपातलं विज्ञान शिकवणं हाच त्याचा जाहीर हेतू होता. शिवाय नोकरी करणाऱ्या पाळकाला आठवडाभर मंडळीबाहेरची माणसं भेटतात. पूर्णवेळ पाळकाला ती शोधत जावी लागतात.

पैशाचा मुद्दा आणखी एका बाजूने बघायला हवा. हेन्री वेन आणि रूफस अँडरसन या मिशन संस्था चालवणाऱ्या दोघांनी (एक इंग्रज, एक अमेरिकी) एकोणिसाव्या शतकातच म्हटलं होतं की मंडळीने स्वतःच्या पायावर उभं राहावं, स्वतःचा कारभार करावा आणि स्वतः पसरावं. चीनमध्ये काम करणारे अमेरिकी मिशनरी जॉन नेव्हियस १८९० मध्ये कोरियाला गेले आणि तिथल्या तरुण मिशनऱ्यांना हाच धडा दिला: नव्या विश्वासणाऱ्याला पगारी सेवक करू नका, त्याला आपल्या धंद्यात राहूनच साक्ष देऊ द्या, इमारत लोक आपल्या पैशाने बांधतील तेव्हाच बांधा. कोरियातल्या मंडळीच्या वाढीत त्याचा वाटा मोठा मानतात. इंग्रज मिशनरी रोलंड ॲलन यांनी १९१२ मध्ये पुढचा टोला दिला: पौल थोड्या काळात मंडळीचे वडील (ज्येष्ठ पुढारी) नेमून पुढे गेला, आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या लगाम सोडत नाही. बाहेरच्या पैशावर सुरुवात करायची असेल, तर तो कोणत्या तारखेला बंद होणार हे पहिल्याच दिवशी लिहिलेलं असावं. कॉलेजात हे शिकवतात का, विचाराच.

वयाचं काय? २३ व्या वर्षी पदवी हातात घेऊन एकट्याने मंडळी काढायला मी पाठवणार नाही. नुकत्याच विश्वासात आलेल्याला अध्यक्ष करू नये, तो फुगेल, असं पौलाच्या पत्रात त्याचा तरुण सहकारी तीमथ्य याला सांगितलंय. तुमचा मुलगा मंडळीत वाढलेला आहे, पण सेवेच्या कामात नवाच म्हणायचा. त्याने आधी दोन-तीन वर्षं दुसऱ्याने सुरू केलेल्या मंडळीत हाताखाली राहावं. खुर्च्या लावाव्यात, मुलांचा वर्ग घ्यावा (लहान मुलांबरोबर कधीही एकट्या मोठ्याने खोलीत बसू नये, हा नियम कॉलेजात शिकवला नसेल तर घरी शिकवा), अंत्यविधी करावा, नवरा-बायकोच्या भांडणात रात्री बसावं. मग चार-पाच जणांच्या गटाबरोबर नव्या जागी जावं. देशोदेशीचे कायदे वेगळे असतात: नोंदणी, जागेची परवानगी, धर्मप्रसाराविषयीच्या तरतुदी. हे वकिलाकडून समजून घ्यावं, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

आणि काम बसलं नाही तर? बऱ्याच नव्या मंडळ्या बसत नाहीत. अशा वेळी मुलगा ‘माझं पाचारणच खोटं होतं’ म्हणत घरी येतो. हे बोलणं आधीच करून ठेवा, शांतपणे, एका संध्याकाळी. पिसिदियातल्या अंत्युखियातून (पाठवणारी मंडळी होती ते अंत्युखिया वेगळं) पौलाला हाकलून दिलं तेव्हा त्याने पायांची धूळ झटकली आणि पुढच्या गावी गेला. खचून बसला नाही, आणि ज्यांनी पाठवलं त्यांच्याकडे जायची वाटही त्याच्याकडे होती. म्हणून तर म्हणतो, पाठवणारे हवेत.

तर अडवू का? अडवू नका. वर्षभर थांबवा, मंडळीत वर सांगितलेलं काम करू दे, तोवर फीचे पैसे जमतील. तीमथ्याला पौलाने बरोबर घेतलं, त्याआधी लुस्त्र आणि इकुन्याचे बंधू त्याच्याविषयी चांगलं बोलत होते, असं कृत्ये १६ मध्ये आहे. म्हणजे घराजवळच्या लोकांची साक्ष आधी, प्रवास नंतर. त्याची आई युनीके आणि आजी लोईस यांचा विश्वास पौल पुढे पत्रात आठवतो. तो निघाला तेव्हा त्या काय म्हणाल्या हे मात्र कुठे लिहिलेलं नाही. तुम्ही काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवायचं.

एक काम लगेच करता येईल. बायबल कॉलेजं फॉर्मबरोबर पाळकांचं शिफारसपत्र मागतात. ‘होतकरू, प्रार्थनाशील व आज्ञाधारक तरुण’ असं ठरीव पत्र पाळकसाहेब पाच मिनिटांत लिहून देतील. ते घेऊ नका. त्यांना म्हणा, वर्षभराने लिहा, आणि दोष सुद्धा लिहा: वेळ पाळतो का, टीका ऐकून घेतो का, पैसे हातात आले की काय करतो, मुलींशी बोलताना मर्यादा ठेवतो का. आणि शेवटी एक वाक्य मागा, की ही मंडळी याला पाठवते आहे आणि चार वर्षं दर महिन्याला याची विचारपूस करील. सही पाळकांची आणि वडीलमंडळातल्या दोघांची. ते वाक्य लिहायला वडीलमंडळ कां-कूं करू लागलं, तर मला परत लिहा.